मोठं डाउनलोड लावलं की एकाच लॅपटॉपचं वायफाय तुटतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातले फोन, टीव्ही, दुसरा कॉम्प्युटर, सगळ्यांचं नेट व्यवस्थित चालतं. एका लॅपटॉपवरही मेल, व्हिडिओ, ऑनलाइन मीटिंग यांना काही होत नाही. पण त्याच लॅपटॉपवर तीस-चाळीस जीबीचा गेम किंवा विंडोजची आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायचं सगळं एकाच मोठ्या फाइलमध्ये) उतरवायला घेतली की मध्येच वायफाय जातं, थोड्या वेळाने आपोआप परत येतं, आणि डाउनलोड मात्र बंद पडलेलं असतं. हे पान या एकाच तक्रारीसाठी आहे. उत्तरं विंडोज १० आणि ११ धरून लिहिली आहेत. लिनक्स आणि मॅक वापरणाऱ्यांसाठी खाली वेगळा प्रश्न घेतला आहे.

बाकी सगळ्यांचं नेट चालू असताना माझ्याच लॅपटॉपचं तुटतं. नेट कंपनीला फोन करू का?

लगेच नको. एकाच मशीनवर त्रास होतोय हा तुमच्या हातातला सगळ्यात मोठा धागा आहे. लाइन खराब असती तर सगळ्यांचं गेलं असतं. फोन केलात तर ‘राउटर बंद करून चालू करा’ एवढंच ऐकायला मिळेल, आणि तेवढ्यापुरतं बरं वाटलं तरी मूळ दुखणं तसंच राहील.

पण ‘बाकीच्यांचं चालतं’ हे एकदा नीट तपासून घ्या. फोनवर रील्स चालणं आणि लॅपटॉपवर ३० जीबी उतरवणं या बरोबरीच्या गोष्टी नाहीत. दुसरा लॅपटॉप त्याच टेबलावर, त्याच जागी ठेवा, वायफायच्या त्याच बँडला (२.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ) जोडा आणि तीच फाइल तितकाच वेळ उतरवून बघा. तोही तुटला तर दोष राउटरचा, जागेचा किंवा लाइनचा. तो टिकला तर दोष तुमच्या मशीनमध्ये आहे. ही चाचणी केल्याशिवाय नवा राउटर विकत घेऊ नका. या तक्रारीत लोकांचे सर्वाधिक पैसे तिथेच वाया जातात.

साध्या वापरात काहीच होत नाही. मोठ्या फाइललाच असं का?

वेबपेज उघडताना वायफाय कार्ड क्षणभर काम करतं आणि मग गप्प बसतं. व्हिडिओसुद्धा तुकड्या-तुकड्यांत येतो. मोठ्या डाउनलोडमध्ये कार्डाला अर्धा-एक तास उसंत मिळत नाही. ते तापतं, ड्रायव्हरमधला (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला) एरवी न दिसणारा दोष उघडा पडतो, आणि सिग्नल काठावरचा असेल तर तो काठही ढासळतो.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. डाउनलोड म्हणजे फक्त ऐकणं नव्हे. आलेल्या पॅकेटांची, म्हणजे डेटाच्या तुकड्यांची, पोच लॅपटॉपला सतत राउटरकडे परत पाठवावी लागते. राउटरचा आवाज लॅपटॉपपर्यंत पोचतो, पण लॅपटॉपचा बारीक आवाज राउटरपर्यंत पोचत नाही, असं झालं की पॅकेटं पुन्हापुन्हा पाठवावी लागतात, वेग खाली येतो आणि शेवटी जोडणी तुटते. म्हणून स्क्रीनच्या कोपऱ्यात सिग्नलच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसत असूनही वायफाय जाऊ शकतं. त्या रेघा फक्त राउटरचा आवाज मोजतात.

नेमकं काय तुटतंय हे कसं ओळखायचं?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. ‘नेट गेलं’ या दोन शब्दांत तीन-चार वेगळी दुखणी लपलेली असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे.

कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघडा. पहिलीत राउटरच्या पत्त्याला पिंग लावा, म्हणजे इंग्रजीत ‘पिंग’ (ping) टाइप करून एक जागा सोडून तो पत्ता लिहा; समोरून उत्तर येतं का आणि किती वेळात येतं ते त्यात दिसतं. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, आणि नक्की कोणता ते कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) टाइप केलं की ‘डिफॉल्ट गेटवे’ समोर दिसतं. दुसरीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८ ला पिंग लावा. दोन्हीकडे पत्त्यानंतर एक जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला जोडून इंग्रजी ‘टी’ टाइप करा, म्हणजे पिंग थांबत नाही. (आकडे आणि अक्षरं अर्थात इंग्रजी कीबोर्डवरूनच.) आता डाउनलोड सुरू करा आणि वायफाय तुटायची वाट बघा.

दोन्ही खिडक्यांत एकदम ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ किंवा ‘जनरल फेल्युअर’ आलं आणि वायफायचं चिन्ह बदललं, तर लॅपटॉप आणि राउटर यांच्यातली जोडणीच तुटली. इथून पुढची बरीचशी उत्तरं याच प्रकारासाठी आहेत.

राउटरचं पिंग चालू राहिलं आणि फक्त बाहेरचं थांबलं, तर तुमचं वायफाय निर्दोष आहे. राउटरच्या पलीकडे बघा. कंपनीला फोन करायची वेळ ही, आणि आता सांगायला तुमच्याकडे ठोस माहितीही आहे.

दोन्ही पिंग चालू, पण राउटरच्या उत्तराची वेळ २-५ मिलिसेकंदांवरून पाचशे-सातशेवर गेली, तर काही तुटलेलं नाही. डाउनलोड सगळी वाट अडवून बसलं आहे. डाउनलोड मॅनेजरमध्ये किंवा स्टीमसारख्या गेमच्या अ‍ॅपमध्ये वेगाला मर्यादा घाला. लाइनच्या वेगाच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांवर ठेवलं तरी बाकी कामं सुरळीत होतात.

दोन्ही पिंग ठणठणीत, आणि तरी डाउनलोड पडलं? मग वायफायला सोडा. ब्राउझर, अँटिव्हायरस, डिस्क किंवा समोरचा सर्व्हर बघा. फाइल दर वेळी ४ जीबीच्या आसपासच अडकत असेल तर ती ज्या ड्राइव्हवर उतरते आहे ती फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे का ते पाहा. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीहून मोठी ठेवताच येत नाही. पेनड्राइव्हवर थेट डाउनलोड करणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो आणि खापर फुटतं वायफायवर.

विंडोज स्वतः काही नोंद ठेवतं का?

ठेवतं, आणि चांगली ठेवतं. कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून उघडा आणि इंग्रजी अक्षरांत ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ (netsh wlan show wlanreport) असे चार शब्द टाइप करा. शेवटचा शब्द जोडूनच. एक एचटीएमएल फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही तिथेच सांगितलं जातं. ब्राउझरमध्ये उघडलीत की मागच्या तीन दिवसांतलं वायफाय केव्हा जोडलं, केव्हा तुटलं आणि कशामुळे तुटलं याचा आलेख दिसतो.

इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या साधनात ‘डब्ल्यूलॅन-ऑटोकॉन्फिग’ या नोंदवहीत ८००१ क्रमांकाची नोंद म्हणजे जोडलं, ८००३ म्हणजे तुटलं. ‘सिस्टिम’ नोंदवहीत त्याच वेळेच्या आसपास १०३१७ क्रमांक दिसला तर वायफाय कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर बहुधा आतल्या आत कोसळला आहे. मग राउटरची सेटिंग्ज बदलत बसू नका, थेट ड्रायव्हरच्या प्रश्नाकडे जा.

वेळा जुळवून बघा. तुटणं बरोबर तासातासाने होत असेल तर राउटर तेव्हा बहुधा गटाची सुरक्षा-चावी (जोडलेल्या सगळ्या उपकरणांची सामाईक) बदलत असतो (अनेक राउटरांत ही मुदत ३६०० सेकंद असते) आणि तुमच्या कार्डाला डाउनलोडच्या धबडग्यात ती बदली झेपत नाही. लॅपटॉपला हात न लावता काही मिनिटं गेली की तुटत असेल तर स्लीपची मुदत तपासा. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह लागल्यावर तुटत असेल तर २.४ गिगाहर्ट्झ सोडा.

सगळ्यात आधी कोणती सेटिंग बदलू?

वीज वाचवण्याची. डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स’ खाली तुमच्या वायफाय कार्डावर डबल-क्लिक करा, ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबमध्ये कॉम्प्युटरला हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी खूण काढून टाका. मग कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘वायरलेस अ‍ॅडॅप्टर सेटिंग्ज’ला ‘मॅक्सिमम परफॉर्मन्स’ ठेवा, बॅटरीसाठी आणि चार्जरसाठी दोन्हीकडे. बऱ्याच नव्या लॅपटॉपांवर हा टॅब किंवा हा पर्याय दिसतच नाही. तसं असेल तर कार्डाच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ‘पॉवर सेव्ह’ असं नाव असलेले पर्याय शोधून बंद करा.

मोठं डाउनलोड चार्जर लावूनच करा, आणि झाकण मिटू नका.

ड्रायव्हर अपडेट केला, तरी तेच. आता?

कुठून केला हे महत्त्वाचं. ‘अपडेट ड्रायव्हर’वर क्लिक केल्यावर विंडोज बहुतेक वेळा ‘तुमच्याकडे सर्वोत्तम ड्रायव्हर आहे’ असं सांगून मोकळं होतं. लॅपटॉप कंपनीच्या साइटवर तुमच्या नेमक्या मॉडेलचं पान उघडा आणि तिथला ड्रायव्हर घ्या. कार्ड इंटेलचं असेल तर इंटेलच्या साइटवर त्याहून नवा मिळू शकतो. रिअलटेक आणि मीडियाटेक कार्डांसाठी लॅपटॉप कंपनीचंच पान धरा.

आणि उलट दिशाही विसरू नका. त्रास एखाद्या विंडोज अपडेटनंतर सुरू झाला असेल तर नव्या ड्रायव्हरपेक्षा जुना बरा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ बटण जिवंत असेल तर ते दाबा. ते नसेल तर ‘अपडेट ड्रायव्हर’, ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’, आणि मग यादीतून निवडायचा पर्याय घेतलात की मशीनवर पडून असलेल्या जुन्या आवृत्त्या दिसतात. एक-एक लावून तेच डाउनलोड करून बघा.

ड्रायव्हर आपोआप शोधून देणारी फुकट सॉफ्टवेअरं कृपा करून घालू नका. चुकीच्या मॉडेलचा ड्रायव्हर बसला की एका दुखण्याची दोन होतात.

२.४ की ५ गिगाहर्ट्झ?

राउटर त्याच खोलीत किंवा शेजारच्या खोलीत असेल तर ५. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत २.४ वर शोध घेतला की शेजाऱ्यांची वीस-पंचवीस नावं दिसतात, आणि त्या बँडमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. शिवाय ब्लूटूथही तिथेच. अनेक लॅपटॉपांत वायफाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर, एकाच अँटेनावर चालतात. २.४ वर डाउनलोड आणि कानात ब्लूटूथ हेडफोन असा मेळ असेल तर हेडफोन बंद करून एकदा बघाच.

५ चा पल्ला मात्र कमी. मध्ये दोन आरसीसी भिंती किंवा कोकणातल्या जुन्या घराची जाड चिऱ्याची भिंत आली की ५ चा सिग्नल काठावर येतो. लॅपटॉप मग ५ वरून २.४ वर आणि परत अशा उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीत डाउनलोडला धक्का बसतो. राउटरमध्ये दोन्ही बँडांना वेगवेगळी नावं द्या आणि लॅपटॉपला एकाच नावाला जोडा. इंटेल कार्ड असेल तर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ‘रोमिंग अ‍ॅग्रेसिव्हनेस’ सगळ्यात खाली आणा.

५ मधली एक गंमत इथे सांगायलाच हवी. चॅनेल ५२ ते १४४ रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत. राउटरला रडारची चाहूल लागली, खरी किंवा भासलेली, की त्याला चॅनेल सोडावाच लागतो. तसं झालं तर त्या बँडवरचे सगळे तुटतात. पण घरातले फोन २.४ वर आणि फक्त तुमचा लॅपटॉप ५ वर असेल तर दोष एकट्या लॅपटॉपचा वाटतो! राउटरमध्ये चॅनेल ३६ ते ४८ पैकी एक पक्का करून ठेवा, हा संशय कायमचा मिटेल.

एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर डाउनलोड करतो. त्याचा काही संबंध?

फार जवळचा संबंध आहे. यूएसबी ३ च्या वायरीतून ५ गिगाबिट वेगाने डेटा जातो तेव्हा तिच्यातून रेडिओ-गोंगाट बाहेर पडतो, आणि तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर स्वतःच एक तांत्रिक टिपण काढलं होतं. आता तुमची परिस्थिती बघा. साधं ब्राउझिंग करताना डिस्क गप्प असते. मोठं डाउनलोड सुरू झालं की फाइल डिस्कवर लिहिली जाऊ लागते, वायर बोलू लागते, आणि तिच्या वितभर अंतरावर असलेल्या अँटेनाला राउटर ऐकू येईनासा होतो. म्हणजे डाउनलोडच स्वतःचा गळा दाबतं.

तपासणी सोपी. डिस्क काढून ठेवा आणि तीच फाइल लॅपटॉपच्या आतल्या ड्राइव्हवर उतरवा. टिकली तर चोर सापडला. मग तीन वाटा: ५ गिगाहर्ट्झवर जा, डिस्क चांगल्या जाड आवरणाच्या वायरीने लॅपटॉपपासून दूर ठेवा, किंवा आधी आत उतरवून नंतर डिस्कवर हलवा. यूएसबी ३ चे हब आणि डॉकही असाच त्रास देतात.

माझा डेस्कटॉप आहे, यूएसबी वायफाय डोंगल लावलं आहे.

मागच्या पोर्टातून काढा. तिथे ते कॅबिनेटच्या पत्र्यामागे, भिंतीकडे तोंड करून, बहुधा यूएसबी ३ च्या दुसऱ्या वायरीला खेटून बसलेलं असतं. एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्या आणि डोंगल टेबलावर उघड्यावर आणा. अंगठ्याच्या नखाएवढी डोंगलं लांब डाउनलोडमध्ये खूप तापतात. वायफाय तुटल्या-तुटल्या बोट लावून बघा. चटका बसत असेल तर मोठं, अँटेनावालं डोंगल घ्यावं लागेल.

रॅम वाढवून आणल्यापासून हे सुरू झालं.

मग लॅपटॉप परत उघडायला सांगा. वायफाय कार्ड हा २२ बाय ३० मिलिमीटरचा छोटा तुकडा असतो आणि त्याच्या कडेला बहुतेक लॅपटॉपांत दोन बारीक वायरी, सहसा एक काळी आणि एक पांढरी किंवा करडी, टिचकीच्या बटणासारख्या दाबून बसवलेल्या असतात. रॅम किंवा एसएसडी बसवताना त्यातली एक निसटणं अगदी सहज घडतं. एक निसटली तरी वायफाय चालतं, राउटरजवळ बसलं तर जाणवतही नाही. मोठं डाउनलोड लावलं की उघडं पडतं.

या वायरी बिजागरातून वर स्क्रीनच्या चौकटीत जातात, कारण अँटेना तिथे असतो. जुन्या लॅपटॉपमध्ये झाकण उघडून-मिटून बिजागरापाशी वायर चिरडते. न उघडता करायची चाचणी: डाउनलोड चालू ठेवा, राउटरचं पिंग समोर ठेवा आणि झाकण हळूहळू मागे-पुढे करा. एका ठरावीक कोनात पिंग अडखळत असेल तर सेटिंग्जच्या मागे लागू नका. वायर बदलून घ्या.

अँटिव्हायरस किंवा व्हीपीएनमुळे होऊ शकतं का?

व्हीपीएनमुळे नक्कीच. व्हीपीएन तुमचं नेट ज्या बोगद्यातून दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेतं तो तुटला की नेट गेल्यासारखंच दिसतं, वर वायफायचं चिन्ह मात्र ठीक असतं. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर तिथल्या आयटी विभागाला विचारल्याशिवाय काही काढू नका. घरच्या मशीनवर विंडोजच्या डिफेंडरखेरीज दुसरा अँटिव्हायरस असेल तर तो तात्पुरता अनइन्स्टॉल करा, नुसता ‘पॉज’ करून त्याचा नेटवर्क फिल्टर जात नाही.

‘नेटवर्क रीसेट’ करू का?

ड्रायव्हर आणि वीजबचत झाल्यावर करून बघायला हरकत नाही. वायफायचे पासवर्ड आधी लिहून ठेवा. व्हीपीएन नंतर पुन्हा बसवावं लागू शकतं.

लिनक्स किंवा मॅकवर काय बघायचं?

लिनक्सवर पहिला संशयित पुन्हा वीजबचतच. नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगमध्ये ‘वायफाय पॉवरसेव्ह’ला २ ही किंमत दिली की ती बंद होते. तुटण्याच्या क्षणी कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदी चालू ठेवा, कार्डाचं फर्मवेअर (कार्डातलं स्वतःचं सॉफ्टवेअर) कोसळत असेल तर तिथे स्पष्ट लिहून येतं. मॅकवर ऑप्शन की दाबून वरच्या वायफाय चिन्हावर क्लिक करा. ‘आरएसएसआय’ (सिग्नलची ताकद) उणे ६५ च्या आसपास किंवा त्याहून शून्याजवळ असेल तर सिग्नल उत्तम, उणे ७५ च्या पलीकडे गेला तर मोठ्या डाउनलोडची आशा धरू नका.

हे सगळं होईपर्यंत डाउनलोड दर वेळी पहिल्यापासून करायचं का?

नाही. समोरच्या सर्व्हरची तयारी असेल तर तुटलेलं डाउनलोड जिथे थांबलं तिथून पुढे नेता येतं. स्टीम आणि विंडोज अपडेट हे आपोआप करतात. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ‘रिझ्यूम’ दाबून बघा. वारंवार तुटत असेल तर पुन्हा आपणहून सुरू करणारा डाउनलोड मॅनेजर वापरा. आयएसओसारखी फाइल असेल आणि साइटवर तिचा ‘शा-२५६’ हॅश (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) दिला असेल तर शेवटी तो जुळवा. तुकड्या-तुकड्यांत उतरलेली फाइल मधे कुठे बिघडली आहे का, ते त्यातून कळतं.

आणि राउटरपर्यंत वायर नेता येत असेल तर त्या दिवसापुरती न्या. कॅट-५ई ची साधी लॅन केबल शंभर मीटरपर्यंत १ गिगाबिट वेग देते. लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल तर यूएसबीचा लॅन अडॅप्टर मिळतो. वायरीवर तेच डाउनलोड न तुटता झालं तर वायफाय कार्डावरचा संशयही पक्का होतो.

शेवटी कार्डच बदलायचं ठरलं तर काय घेऊ?

आधी लॅपटॉप उघडून किंवा मॉडेलची माहिती काढून बघा, कार्ड बदलता येण्यासारखं आहे का. काही पातळ लॅपटॉपांत ते मदरबोर्डवरच झाळलेलं असतं. बदलता येत असेल तर इंटेलचं एएक्स२१० बहुतेक मशीनवर चालतं. एएक्स२०१ मात्र डोळे झाकून घेऊ नका. दिसायला तसंच असलं तरी ते ठरावीक इंटेल प्रोसेसरांच्याच लॅपटॉपांत चालतं, एएमडीच्या लॅपटॉपमध्ये नाही. काही जुन्या लॅपटॉपांचा बायोस (मशीन चालू होताना आधी सुरू होणारं सॉफ्टवेअर) आपल्या यादीबाहेरचं कार्ड स्वीकारत नाही, म्हणून परत घेण्याची सोय असलेल्या दुकानातूनच घ्या. जुन्या वायरी नव्या कार्डावर बसवताना टिचकीचा आवाज येईपर्यंत सरळ वरून दाबा, तिरक्या दाबल्या तर त्यांची कडी वाकते.